ज्यांना कोणी नाही, त्यांच्या शिळा

सर्वपित्री अमावास्येनिमित्त

भाद्रपद वद्य पक्ष हा पितरांचा पक्ष होय. या पंधरवड्यात घरोघरी गेलेल्या माणसांची आठवण निघते, पंचांगात तिथी पाहिली जाते, आणि ज्यांची तिथी कोणालाच ठाऊक नसते त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या राखून ठेवलेली असते. पिता, पितामह, प्रपितामह अशी तीन पिढ्यांची नावे उच्चारून दक्षिणेकडे तोंड करून तिलोदक सोडले जाते. परंतु या विधीचा सर्वांत हृद्य भाग शेवटी येतो. आप्तांचे पिंड देऊन झाल्यावर एक पिंड निराळा दिला जातो. त्याचे नाव धर्मपिंड. ज्यांना पुत्र नाही, ज्यांचे गोत्र कोणास ठाऊक नाही, जे परमुलखात, पाण्यात, आगीत किंवा रणात अंतरले, ज्यांच्या नावाने ओंजळभर पाणी सोडणारे कोणी उरले नाही, अशा सर्वांसाठी तो असतो. ज्यांच्याशी रक्ताचे नाते नाही आणि ज्यांच्याकडून काही मिळण्याची आशाही नाही, त्यांचेही आपण काही देणे लागतो, हा विचार आपल्या पूर्वजांनी श्राद्धासारख्या केवळ कौटुंबिक वाटणाऱ्या विधीत आवर्जून गुंफून ठेवला, यात त्यांचे मोठेपण आहे.

या धर्मपिंडाशी जवळचे नाते असलेल्या एका कार्याचा परिचय आजच्या दिवशी करून द्यावासा वाटतो. ते कार्य म्हणजे जुनी थडगी, समाध्या व स्मारकशिळा यांची छायाचित्रे घेऊन त्यांवरील अक्षरे जतन करणे. प्रथमदर्शनी हा छंद कोणाला विचित्र, कोणाला अशुभही वाटेल. दफनभूमीत कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्या माणसाकडे आपल्याकडे शंकेनेच पाहिले जाते. परंतु थोडा विचार केला, तर या कामात इतिहास, कला आणि कृतज्ञता यांचा संगम आहे, हे ध्यानात येईल.

आपल्याही शिळा आहेत

आपल्यात दहनाची रीत असल्यामुळे मृताची खूण भूमीवर उरत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. संन्याशांना भूसमाधी दिली जाते. लिंगायत समाजात दफनाची परंपरा आहे. आणि महाराष्ट्राच्या गावोगावी, वेशीपाशी अथवा शिवालयाच्या आवारात वीरगळ उभे आहेत. वीरगळाची रचना बहुधा ठरलेली असते. खालच्या चौकटीत झुंज व वीराचे मरण, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर सूर्य व चंद्र. जोवर सूर्यचंद्र आहेत तोवर या वीराचे नाव राहो, असा त्या दोन लहानशा आकृत्यांचा अर्थ. सतीशिळेवर कोपरात वाकवलेला, बांगड्या ल्यालेला हात कोरलेला असतो. तिथेही माथ्यावर तेच सूर्यचंद्र.

मुंबईनजीक बोरिवलीच्या एक्सर गावात माणसाच्या उंचीहून मोठे असे वीरगळ आहेत. ते शिलाहारकालीन मानले जातात. त्यांपैकी काहींवर वल्ह्यांची लढाऊ जहाजे कोरलेली आहेत. समुद्रावरील युद्धात पडलेल्या त्या वीरांची नावे आज कोणाच्याही ओठी नाहीत. परंतु कोकण किनाऱ्यावर आरमारी युद्धे होत असत, याची साक्ष त्या मूक शिळा देत आहेत. दगड बोलतो तो असा.

अक्षरे झिजतात

सूर्यचंद्र आजही आहेत. झिजते आहे ती शिळा. सह्याद्रीचा काळा पाषाण कठीण, म्हणून त्यावरील कोरीव काम शतकानुशतके टिकते. कोकणातला जांभा दगड मुळातच सच्छिद्र. त्यावर बारीक अक्षर बसत नाही आणि बसले तर राहत नाही. वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात आणि त्यांच्यासोबत एखादी संपूर्ण ओळ गळून पडते. पांढरा संगमरवर दिसायला देखणा. पण शहरातील आम्लयुक्त हवेने व पावसाने त्याचा पृष्ठभाग साखरेसारखा भुरभुरीत होतो. काही संगमरवरी फरशांवर शिसे भरून अक्षरे बसवलेली असतात. ते शिसे निखळले वा कोणी उकरून नेले, की मागे नुसती भोके राहतात. चुन्याच्या गिलाव्यात पिंपळाचे बी रुजले, की वीस-पंचवीस वर्षांत ते घुमटाला भेग पाडते. शेवाळ, दगडफूल, गुरांची अंगघासणी, आणि अखेर वाढत्या शहरांची जागेची भूक, हे सारे त्यात मिळवा.

दगडाहून लवकर विरते ती नात्यांची वीण. मुलगा बापाच्या कबरीवर फुले ठेवतो. नातू वर्षातून एकदा येतो. पणतूला ती जागाही ठाऊक नसते. श्राद्धात तीनच पिढ्यांची नावे घेतली जातात, यात मानवी स्मृतीच्या मर्यादेची केवढी अचूक जाण आहे! त्यापुढचे नाव दगडानेच सांभाळायचे. आणि दगडही थकला, तर ते सांभाळण्यासाठी दुसरे साधन शोधणे भाग आहे. आपल्या काळात ते साधन म्हणजे छायाचित्र.

या दोहोंची गाठ फार पूर्वीच पडली. छायाचित्रणकला जगापुढे आली १८३९ साली. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८४३ पासून, स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे हिल व ॲडम्सन या जोडीने ग्रेफ्रायर्स चर्चच्या जुन्या दफनभूमीत अनेक छायाचित्रे घेतली. त्या काळी एका चित्रासाठी बराच वेळ प्रखर ऊन लागे. थडगी मात्र न हलता, न कंटाळता समोर उभी राहत! मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांत गणले जातात. शिलालेखांवर ओला कागद दाबून शाईने ठसे घेण्याची पद्धत पुरातत्त्वज्ञांत आजही आहे. त्या ठशांना छायाचित्रांची जोड मिळाल्यामुळे दगडाला स्पर्श न करताही त्याचे वाचन शक्य झाले.

सुरतेची दफनभूमी

अक्षरांवाचून दगडाची काय दशा होते, हे पाहायचे असेल तर सुरतेस जावे. मराठी माणसाला सुरत हे नाव नवे नाही. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून गेले, तेव्हा इंग्रजांची वखार ज्याने लढवून धरली तो वखारीचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्झिंडेन १६६९ साली तेथेच मरण पावला. त्याचा भाऊ ख्रिस्तोफर त्याआधी दहा वर्षे, १६५९ साली वारला होता. या दोघा भावांची भव्य, घुमटाकार वास्तू कतारगाम दरवाजानजीकच्या इंग्रजी दफनभूमीत उभी आहे. मोगल धाटणीचे घुमट, कमानी, खांब. लांबून पाहणाऱ्यास एखाद्या अमीराचा मकबरा वाटावा. याच घराण्यातील हेन्री ऑक्झिंडेन हा १६७४ च्या राज्याभिषेकप्रसंगी रायगडावर हजर होता आणि त्याने लिहून ठेवलेला वृत्तान्त आपल्या इतिहासकारांना मोलाचा वाटत आला आहे.

जवळच डचांची दफनभूमी आहे. तेथील सर्वांत मोठे स्मारक आहे हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड याचे. हा १६९१ साली मुंबईच्या समुद्रात, जहाजावर असताना मृत्यू पावला व सुरतेस आणून पुरला गेला. इंग्रजांच्या स्मारकांवर मात करावी म्हणून डचांनी त्याची वास्तू एवढी थोर उभारली, असे सांगितले जाते. मृत्यूतही व्यापाऱ्यांची स्पर्धा सुटली नाही! परंतु व्हॅन ऱ्हीडचे खरे स्मारक निराळेच आहे. मलबारातील वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने सिद्ध करविला. १६७८ पासून तो ॲमस्टरडॅम येथे छापला जाऊ लागला. इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याबरोबरच रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघा कोकणी ब्राह्मणांनी त्याला साह्य केले, आणि त्यांचे कोकणी भाषेतील प्रमाणपत्र नागरी लिपीत त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापले गेले. त्या तिघांची राख केव्हाच पाण्याला मिळाली असेल. नावे मात्र कागदावर उरली. अक्षराला ‘अक्षर’ का म्हणतात, ते अशा वेळी उमगते.

याच सुरतेत १६७७ साली जेराल्ड ऑन्जियर मृत्यू पावला. मुंबई बेटाला शहराचे रूप देण्याचा पाया ज्याने घातला, निरनिराळ्या जातिधर्मांच्या व्यापाऱ्यांना येथे येऊन राहण्याचे ज्याने आवाहन केले, तो हा ऑन्जियर. परंतु त्याच्या नावाची मूळ अक्षरे कोणत्याही थडग्यावर उरलेली नाहीत. लेख नसलेली एक वास्तू त्याची असावी, एवढेच मानले जाते. शहर उभे राहिले, कोटींनी वस्ती झाली. ते ज्याने कल्पिले त्याच्या थडग्याला मात्र तर्काचा आधार घ्यावा लागतो. सतराव्या शतकात छायाचित्रण नव्हते. आपल्या काळाला ती सबब नाही.

शत्रूचीही समाधी

मृताशी वैर धरू नये, ही आपली जुनी शिकवण. तिचे एक लोभस उदाहरण मावळात आहे. १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांचे सैन्य बोरघाट चढून पुण्याच्या रोखाने निघाले होते. त्या मोहिमेत कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट हा अधिकारी कार्ल्याजवळ मराठ्यांच्या तोफेचा गोळा लागून ठार झाला. पुढे वडगाव येथे इंग्रजांना शरणागतीचा तह करावा लागला, हे सर्वविदित आहे. विशेष असे, की या स्ट्युअर्टच्या शौर्यावर मराठेच लुब्ध झाले. ‘इष्टुर फाकडा’ या नावाने तो मराठी इतिहासात व लोकांच्या तोंडी राहिला, आणि वडगाव मावळ येथील त्याच्या समाधीला गावकऱ्यांनी देवस्थानासारखा मान दिला. सातासमुद्रापलीकडच्या ज्या माणसाचे येथे कोणीच नव्हते, त्याच्या दगडापाशी ज्यांच्यावर तो चालून आला त्यांचेच वंशज हात जोडतात. धर्मपिंडाचा याहून सुंदर दाखला कोणता द्यावा?

परंतु सेनापती, वखारदार व फाकडे यांची नावे कुठे ना कुठे नोंदली जातातच. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत बोरीबंदर स्थानकाचे शिल्पकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स आणि गेटवे ऑफ इंडियाचे शिल्पकार जॉर्ज विटेट विसावले आहेत. त्यांची आठवण द्यायला त्यांच्या वास्तू समर्थ आहेत. चिंता आहे ती शेजारच्या लहान दगडांची. दोन मोसमी पावसाळे हेच येथे माणसाचे आयुष्य, अशा अर्थाची म्हण सतराव्या शतकातील मुंबईच्या इंग्रजांत रूढ होती. त्यांच्या जुन्या दफनभूमींत हिंडताना ती म्हण किती खरी होती, हे पावलोपावली दिसते. बाळंतपणात गेलेली विशीची आई आणि तिच्याच कुशीत पुरलेले अर्भक. पटकीने एकाच आठवड्यात गेलेली भावंडे. पलटणीतल्या सोबत्यांनी वर्गणी काढून बसवलेला शिपायाचा दगड. यांचा उल्लेख कोणत्याही इतिहासग्रंथात नाही. त्या दगडावरच्या चार ओळी हेच त्यांचे संपूर्ण चरित्र.

कोकणातील बेने इस्रायल समाजाची कहाणी तर आपल्या अधिक जवळची. जहाज फुटून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागल्या, अशी त्यांची परंपरा सांगते; बुडालेल्यांना नवगावलाच पुरले गेले. पुढे हा समाज मराठी बोलू लागला, तेल गाळू लागला, गावांच्या नावांवरून आडनावे लावू लागला. त्यांच्या दफनभूमींत हिब्रूच्या शेजारी मराठी लेख आढळतात. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. तिकडेही त्यांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले. पण आजोबा-पणजोबांच्या शिळा रायगड जिल्ह्यातील माडांच्या सावलीतच राहिल्या. तिकडे वाढलेल्या नातवाला इकडच्या गवतात दडलेल्या आजीच्या दगडाचे छायाचित्र मिळाले, आणि त्यावरचे मराठी नाव कोणी त्याला वाचून दाखवले, तर त्या क्षणाची किंमत कशात करणार?

ऊन तिरपे हवे

हे काम कोणालाही करता येण्यासारखे आहे. त्यासाठी भारी कॅमेरा लागत नाही; खिशातला मोबाइलही पुरतो. लागते ती उन्हाची जाण. भर दुपारी समोरून पडणारे ऊन दगडाला सपाट करून टाकते. अक्षरे असून दिसत नाहीत. सकाळी किंवा सायंकाळी ऊन एका बाजूने, दगडाला जवळजवळ घासून जाऊ लागले, की प्रत्येक खाचेत बारीक सावली भरते आणि वाचता न येणारी ओळ डोळ्यांसमोर उमटते. सावलीत असलेल्या शिळेसाठी एक मोठा आरसा बरोबर न्यावा. उन्हात उभे राहून त्याचा कवडसा बाजूने दगडावर टाकावा. तेही न साधले तर दिवेलागणीनंतर विजेरीचा झोत कडेकडेने फिरवावा. अलीकडे कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून, दिव्याची दिशा दर वेळी बदलत काही डझन छायाचित्रे घेतात व संगणकावर ती एकत्र करतात. मग पडद्यावर उजेड हवा तिकडून फिरवून झिजलेले अक्षर वाचता येते. तत्त्व एकच, तिरप्या उजेडाचे.

कॅमेरा दगडाला समांतर धरावा, म्हणजे अक्षरे वेडीवाकडी येत नाहीत. एक छायाचित्र आसमंतासह, एक पूर्ण शिळेचे, एक लेखाचे आणि एक नक्षीचे, एवढी किमान हवीत. शेजारी मोजपट्टी ठेवली तर आकार कळतो. लेख जसाच्या तसा, चुकांसकट, वहीत उतरवावा. गाव, जागा व दिनांक लिहावा. अक्षर लागत नसेल तेथे रिकामी जागा सोडावी, तर्काने भरू नये. नोंद नसलेले छायाचित्र हे नाव नसलेल्या थडग्यासारखेच होय.

पथ्येही आहेत. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा साबणाचा फेस चोळू नये. तारेच्या ब्रशने घासू नये. आम्लाला तर हातही लावू नये. पाला-माती मऊ कुंचल्याने झाडावी, फार तर साधे पाणी वापरावे. दगड हलत असेल तर त्याला टेकूही नये. वीरगळावर शेंदराची पुटे चढलेली असतात व खालचे कोरीव काम झाकलेले असते. तरीही तो शेंदूर खरवडण्याचा आपल्याला अधिकार नाही. गावाच्या दृष्टीने तो देव आहे. दिसेल तेवढेच टिपावे. कब्रस्तान, दफनभूमी वा समाधिस्थान, कुठेही रखवालदाराची वा पुजाऱ्याची परवानगी घ्यावी, कबरीवर पाय देऊ नये, आणि कोणी आपल्या माणसाच्या कबरीपाशी डोळे पुसत उभे असेल तर कॅमेरा खाली ठेवावा. मृतांचा मान राखायला गेलेल्याने जिवंतांचे दुःख तुडवू नये.

नंतरचे काम

छायाचित्र घेतले म्हणजे कर्तव्य संपले, असे मात्र नाही. ‘आता चित्र आहे, मग दगडाची काय गरज?’ असा प्रश्न विचारणारेही भेटतील. त्यांना सांगावे, की आईचे छायाचित्र भिंतीवर आहे म्हणून कोणी आईला घराबाहेर काढत नाही. चित्र हे शिळेचे साक्षीदार आहे, वारस नव्हे. उलट, पडझडीपूर्वीचे चित्र हाती असेल तर दुरुस्ती करणाऱ्या पाथरवटाला मूळ अक्षर दाखवता येते, आणि एखादी शिळा रातोरात नाहीशी झाली तर ती तेथे होती, हे सिद्ध करता येते.

म्हणून ही चित्रे एकट्याच्या संग्रही पडून राहता कामा नयेत. त्यांची एक प्रत गावच्या वाचनालयात, एक जिल्ह्याच्या वस्तुसंग्रहालयात वा इतिहास मंडळात आणि एक त्या त्या धर्मस्थानाच्या दप्तरी द्यावी. दक्षिण आशियातील युरोपीय दफनभूमींसाठी १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये एक संस्था स्थापन झाली. तिने जमवलेली टिपणे व छायाचित्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत अभ्यासकांना उपलब्ध आहेत. खडकी येथील युद्धस्मशानात दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ थडगी राखलेली आहेत. शिवाय पहिल्या महायुद्धकाळात भारतात मरण पावलेल्या आणि ज्यांच्या मूळ कबरी सांभाळणे अशक्य झाले अशा १,८०० हून अधिक सैनिकांची नावे तेथील स्मारकावर एकत्र कोरली आहेत. कबर गेली तरी नाव राखता येते, ते कोणीतरी वेळीच नोंदले असेल तर! त्यांच्यासाठी सरकारे होती, दप्तरे होती. आपल्या वेशीवरच्या वीरगळाचे दप्तर कोण लिहिणार?

उत्तर उघड आहे. ज्याच्या गावात तो उभा आहे त्याने. भाद्रपदाच्या अखेरीस पाऊस ओसरू लागतो, शेवाळ अजून हिरवे असते, आणि सायंकाळचे ऊन पिवळे, तिरपे पडते. आज पितरांना निरोप देऊन झाल्यावर घरातील शाळकरी मुलाला बरोबर घ्यावे, वेशीपर्यंत जावे, तिथल्या शिळेपुढे क्षणभर थांबावे आणि तिचे एक छायाचित्र घ्यावे. खाली गावाचे नाव व तारीख लिहावी. तो वीर कोणत्या जातीचा, कोणत्या गोत्राचा, कोणाच्या बाजूने लढला, हे विचारू नये. धर्मपिंड देताना आपण ते विचारत नाही.